शांताबाईचा वाटा

महिपतनं अकरा वर्षं रस्ते केले आणि त्यातला एकही जागेवर राहिला नाही. हे तो स्वतःच सांगायचा, हसत हसत सांगायचा, पण ते हसणं ओठापुरतंच असायचं. सुताराला आपण केलेला दरवाजा दाखवता येतो, गवंड्याला भिंत दाखवता येते. महिपतला दाखवायला काय, तर खड्डे. तेही दर साली नवे.

तो मूळचा रत्नागिरीकडचा. काशीमीऱ्याच्या नाक्यामागं एका खोलीत बायको शेवंतीबरोबर राहायचा आणि सरकारी रस्त्याच्या गँगमध्ये डांबर कढवायचा. दिवाळी झाली की पिंपाखाली जाळ लागायचा, तो मे संपेपर्यंत विझायचा नाही. डांबर किती तापलं हे बघायला गँगकडे यंत्र नव्हतं, महिपतचं नाक होतं. धुराचा वास घशात उतरायला लागला की तो म्हणायचा, "बास, ओढा जाळ," आणि गडी मुकाट जाळ ओढायचे. पिंपापाशी एवढा मान होता त्याला. पण पुढच्या श्रावणात त्याच डांबराच्या खपल्या निघून खाडीकडे वाहत जायच्या, तेव्हा तो मान घेऊन करायचं काय?

सगळ्यात वाईट ती तारोडीची चढण. डोंगरीहून तारोडीला जाताना एका वळणावर रस्ता एकदम अंगावर येतो, आणि डोंगराचं सगळं पाणी नेमकं तिथूनच आडवं जातं. दर साली तिथं डांबर घालायचं आणि दर साली ते पाण्यानं न्यायचं. मग एस.टी.ची बस डोंगरीलाच थांबायची, आणि तारोडीच्या कोळणी माशांच्या पाट्या डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून डोंगरी गाठायच्या. बसमध्ये टेकता टेकता त्या आधी सरकारचा उद्धार करायच्या आणि मग रस्ता करणाऱ्याचा. सरकार काही त्या बसमध्ये नसायचं. रस्ता करणारा पुष्कळदा असायचा, मागच्या बाकावर, खिडकीबाहेर बघत.

चार वर्षांपूर्वी त्यानं शेवंतीला हौसेनं ती चढण दाखवायला नेलं होतं. त्या साली काम फार मन लावून झालं होतं. दोनदा खडी धुऊन घेतली होती. नारळी पौर्णिमेच्या आधी दोन दिवस सुट्टी होती, शेवंतीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. वळणावर आली तेव्हा ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि म्हणाली, "कुटं हाय वो रस्ता?"

"हितंच होता," महिपत म्हणाला.

शेवंती हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. परत येताना त्याची समजूत काढत राहिली, की पाण्याफुडं कुणाचं काय चालतंय, तुमी काय करनार. महिपतला ते फार लागलं. शिव्या सोसता येतात माणसाला. बायकोनं कीव केली की जागा उरत नाही.

तेव्हापासून त्याच्या मनानं घेतलं होतं की एक तरी तुकडा असा करायचा, जो श्रावणातही तिथंच असेल. आणि तिला पुन्हा नेऊन उभं करायचं.

रबराची गोष्ट त्याला सापडली ती लीलाधरच्या अंगणात. लीलाधर जुन्या भाईंदरच्या कोळ्याचा मुलगा. पण होडीत बसलं की त्याला उलट्या व्हायच्या. बाप कपाळाला हात लावून मेला, आणि लीलाधरनं काशीमीऱ्याच्या नाक्यावर झिजलेल्या टायरांवर नवा पट्टा चढवायचं दुकान टाकलं. टायर चाकावर धरून आधी खरवडायचे, मग पट्टा बसवायचा. खरवडलेला रबराचा भुसा दुकानामागं ढिगानं साठायचा. वारा सुटला की नाक्यावरच्या हॉटेलांच्या चहात पडायचा आणि मग हॉटेलवाले भांडायला यायचे.

महिपत तिथं फाटके टायर न्यायला जायचा. पिंपाखाली ते लाकडापेक्षा जोरात जळतात. एका दुपारी टायर मोजून घेताना त्याला अंगणात एक काळा पट्टा दिसला. ट्रक त्याच जागी येऊन वळायचे, भरलेले ट्रक. बाकी सगळ्या अंगणाचा चिखल होऊन वाळलेला, आणि हा खाटेएवढा पट्टा मात्र सपाट, एकही भेग नाही.

"हे कुणी केलं?" महिपतनं विचारलं.

"किसने किया म्हणजे? कुणी नाय केला," लीलाधर म्हणाला. "तीन साल झाले. तुमच्याच गँगचा पिंप इथं उलटला होता. गरम डांबर सगळं भुश्यात गेलं. मी बोंबललो, माझा भुसा गेला म्हणून. मग ट्रक फिरून फिरून दबला. का रे?"

महिपत खाली बसला. बोटानं दाबून बघितलं, नखानं ओरखडून बघितलं, शेवटी नाक लावून वास घेतला. ट्रकवाले बघत होते, त्याला पर्वा नव्हती. तीन पावसाळे, आणि वर भरलेले ट्रक. टायर घेतले तेवढ्यावर त्यानं भुशाचं एक पोतंही मागून घेतलं. लीलाधर म्हणाला, "दहा ने. वर आणखी चहा पाजतो."

पुढचे पंधरा दिवस खोलीमागं जे चाललं होतं त्यानं शेजारपाजार हैराण झाला. डालड्याच्या डब्यात डांबर आणि त्यात भुसा. पहिल्यांदा जाळ जास्त झाला, भुसा जळाला, आणि असा वास सुटला की शेवंती तोंडाला पदर लावून बाहेर आली. "शिजवताय काय नक्की? आनि खानार कोन?" दुसऱ्यांदा गुठळ्या झाल्या. तिसऱ्यांदा शेवंतीच शेजारी बसली. "एकदम वतू नका. मूठ मूठ घाला आनि हलवत ऱ्हावा," ती म्हणाली. शिरा करताना रवा फुगतो तसा भुसा मंद जाळावर हळूहळू फुगला आणि तासाभरानं डांबर दाट, लोंबतं झालं. त्याच्या त्यांनी वड्या थापल्या. एक वडी वैशाखातल्या उन्हात दगडावर ठेवली, शेजारी साध्या डांबराची. साधी वितळून दगडाला चिकटली, ही जागची हलली नाही. मग दोन्ही चार दिवस मातीच्या गार माठात बुडवून हातोडीनं ठोकल्या. साधीचे तुकडे झाले. हिच्यावरून हातोडी परत आली.

महिपतनं ती वडी खिशात घातली आणि ओव्हरसियर साहेबांकडे गेला.

साहेब तरुण होते, वर्षापूर्वीच बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता; पण नोकरी नवी असली की माणूस कागदाला जरा जास्तच भितो. त्यांनी वडी वाकवून बघितली, सोडली, ती सरळ झाली. पुन्हा वाकवली.

"महिपत, खडी किती, डांबर किती, सगळं वरून लिहून येतं. त्यात रबर कुठं आहे?"

"न्हाय साहेब."

"मग फुटला रस्ता, तर मी वर काय सांगू? महिपतच्या बायकोनं डब्यात शिजवलं होतं म्हणून?"

साहेब खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "तारोडीची चढण तशीही वाहूनच जाते. तिथला शंभर फुटांचा तुकडा घे. गणपतीनंतर मी स्वतः येऊन बघीन. राहिला, तर पुढच्या साली डोंगरीपासून तारोडीपर्यंत सगळा रस्ता तुझ्या पद्धतीनं. मी वर लिहीन. पण फुटला, तर पिंपापाशी उभं राहायचं नाही. खडी फोडायच्या गँगमध्ये जायचं. कबूल?"

अकरा वर्षांचं नाक आणि हातातली डांबर ढवळायची पळी, दोन्ही पणाला लागलं. महिपत म्हणाला, "कबूल."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात काम झालं. महिपतनं दोन दिवस कुणाला पिंपाजवळ फिरकू दिलं नाही. मूठ मूठ भुसा, आणि हलवत राहायचं, दंड भरून यायचे तेव्हा गँगमधला धाकू पळी घ्यायचा आणि म्हणायचा, "महिपत, सत्यनारायण हाय का काय? केळं बी घालूया." पण तोही मन लावून हलवायचा. खडीवर ते दाट डांबर पडलं, वर बारीक कच पसरली, रोलर सहा वेळा फिरला. संध्याकाळी चढणीवर एक काळा, सलग, घोटीव तुकडा तयार झाला. महिपतनं दोन्ही टोकांना मोठे दगड रचले, आणि वळणापाशी पाणी भरायला आलेल्या सत्यवतीला बोलावलं.

सत्यवती म्हणजे तारोडीच्या कोळणींची पुढारीण. पन्नाशीची, आवाज असा की समुद्रातल्या होडीला हाक पोचावी. ह्याच बाईनं बसमध्ये महिपतचा सगळ्यात जास्त उद्धार केलेला.

"सत्यवतीबाय," तो म्हणाला, "तीन दिवस ह्या तुकड्यावर गाडी नको, बैल नको. बाजूनं जा. नीट वाळू द्या. एवढं सांभाळा."

"वालू द्या," सत्यवती म्हणाली. "बरां. सांबालतो आमी."

महिपत निर्धास्त होऊन काशीमीऱ्याला गेला. हायवेवर खड्डे भरायचं काम निघालं होतं, दोन दिवस त्यात गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो चढणीवर आला आणि वळणावरच थांबला. काळा तुकडा नव्हता. त्याच्या जागी हिरवट पिवळं, स्वच्छ सारवलेलं अंगण होतं, आणि त्यावर गुलाबी जवळा, नखाएवढी बारीक कोळंबी, पसरलेला. चाळीस-पन्नास पाट्यांचा तरी असेल. बायका ओणव्या होऊन जवळा परतत होत्या. सत्यवती मधोमध काठी घेऊन कावळे हाकत होती.

"हे काय केलंत?" महिपतनं विचारलं.

"काय म्हंजे? सांबाललां ना," सत्यवती म्हणाली. "येक गारी येऊ दिली न्हाय. तुमीच दोनी बाजूंना दगर लावलं, वाट बंद केली. मंगे आमी म्हनलां, तीन दिस हाय तर जवला टाकून घेऊ. रेतीवर टाकला का रेती लागते. ह्या जाग्याला बगा, रेतीचा कन न्हाय, आनि तापतंय कसां!"

"पण शेण?"

"आता जवला टाकायचा तर सारवल्याबिगर कसा टाकनार?" तिनं अशा नजरेनं बघितलं की जणू महिपतच वेडा आहे. "डांबराचा वास लागंल ना जवल्याला."

तिच्या म्हणण्यात खोट काढायला जागा नव्हती, हीच मोठी पंचाईत. कोळीवाड्यात वाळत घालायची जागा आधी सारवायची हे महिपतलाही ठाऊक होतं. पावसाळ्याची बेगमी होती ती, चार महिने भाताबरोबर तेच. आत्ता उचला म्हटलं तर अर्धा वाळलेला जवळा कुजला असता. महिपत कडेच्या कातळावर जाऊन बसला. ताज्या डांबरावर शेणाचं पाणी! काय होईल, कसं होईल, त्याच्या नाकाला हा वास कधी आलाच नव्हता.

बसल्या बसल्या त्याला दिसलं की सगळा तुकडा सारवलेला असला, तरी समोरच एक चारेक हातांचा पट्टा तसाच काळा ठेवलाय. दोन्ही बाजूंना जवळा, मध्ये काळी पट्टी.

"आणि हे का सोडलं?" त्यानं विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

सत्यवतीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "घरागनिक वाटे पारलेत. तो शांताबायचा वाटा. तिचा घो वारला, आज सातवा दिस. सुतकात ती हात लावनार न्हाय. आनि तिच्या वाट्याला दुसरी कोन हात लावनार?"

"मग तिचा जवळा?"

"आमी हाव ना."

एवढ्यात खालून साहेबांची मोटारसायकल आली. यायचं नेमकं त्याच दिवशी त्यांच्या मनात यावं, याला महिपतचं नशीबच म्हणायचं. साहेबांनी गाडी लावली, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"महिपत, हा रस्ता आहे की खळं?"

उत्तर सत्यवतीनं दिलं, काठीसकट. "साह्यब, त्याला बोलू नका. त्यानं तीन दिस सांबाला म्हनलां, आमी सांबाललां. चूक आसंल तर आमची हाय. जवला उद्या उचलतो, शेन धुऊन देतो. मंगे तुमचा रस्ता तुमाला."

साहेबांना हसू आवरत नव्हतं आणि रागही यायला हवा होता. शेवटी म्हणाले, "धुऊन काढा. ठरलंय ते ठरलंय, महिपत. गणपतीनंतर."

दुसऱ्या दिवशी जवळा उचलला. उचलताना प्रत्येक घरानं एक एक ओंजळ वेगळ्या पाटीत टाकली. ती पाटी शांताबाईच्या दारात गेली. मग विहिरीवरून हंडे आले. महिपतनं लुंगी खोचून खराटा घेतला, शेजारी सत्यवती. वरवरचं निघालं, पण खडीच्या फटींत बसलेलं शेण काही हटलं नाही. "ऱ्हाऊ द्या," सत्यवती म्हणाली, "शेनानं कधी कुनाचं वायट झालंय?" महिपतला तेवढी खात्री नव्हती.

पावसाळ्यात डांबराचं काम बंद. गँग मुरूम टाकत हायवेवर फिरत होती. महिपत चार महिने तारोडीला गेला नाही. डोंगरीपर्यंत काम निघालं तरी धाकूला पाठवायचा. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. न बघितलेला रस्ता निदान मनात तरी शाबूत असतो. आषाढात तीन दिवस संततधार लागली तेव्हा तो खोलीच्या दारात बसून हातावर हात चोळत राहिला. शेवंतीनं विचारलं, "जाऊन बगून तरी या." तो म्हणाला, "साहेब बघतीलच."

गणपती गेल्यावर तिसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला मोटारसायकलवर मागं बसवलं. डोंगरीपुढं गाडी जाईना, तिथून दोघं चालत निघाले. रस्ता असा नव्हताच. खडी उघडी पडलेली, ओहोळांनी चर पाडलेले. प्रत्येक चराबरोबर महिपतचा जीव खाली खाली जात होता. वळण आलं. महिपत थांबला, आणि त्यानं डोळे मिटून घेतले. चाळिशीला आलेला माणूस, पण मिटून घेतले खरे.

"अरे," साहेबांचा आवाज आला. "अरे, हा तर आहे!"

होता. खालचा रस्ता गेलेला, वरचा गेलेला, आणि मधोमध शंभर फूट सलग उभे, ओटा बांधल्यासारखे. त्यावर तारोडीच्या पाच-सहा बायका पाट्या उतरवून विसाव्याला बसल्या होत्या. आख्ख्या वाटेत पाटी टेकवावी अशी तेवढी एकच कोरडी जागा. सत्यवती त्यांच्यात होतीच. "या साह्यब, बसा," ती म्हणाली, घरी आल्यासारखी.

महिपत वाकला, त्यानं हात लावला. अकरा वर्षांत पहिल्यांदा आपण केलेल्या गोष्टीला तो पावसाळ्यानंतर हात लावत होता.

साहेबांनी खिशातून चाकू काढला, इथं तिथं टोचून बघितलं. कड उकरून बघितली. बराच वेळ बघितलं, आणि मग त्यांचा चेहरा जरा उतरला.

"टिकलंय, महिपत. प्रश्नच नाही. पण कशानं टिकलंय?"

"रबरानं, साहेब."

"हे बघ." साहेबांनी चाकूचं टोक दाखवलं. फटीतून पिवळट, घट्ट झालेलं शेण निघालं होतं. "फटी सगळ्या शेणानं बुजल्यात. पाणी आत शिरलंच नसेल. मग रबरानं काम केलं की शेणानं? मी वर रबर लिहिलं आणि पुढच्या साली बिनशेणाचा रस्ता वाहून गेला, तर? का सगळ्या रस्त्याला सारवायचं लिहू?"

बायका खिदळल्या. महिपत हसला नाही. त्याला गावाकडचं अंगण आठवलं, दर आठवड्याला सारवलेलं, पावसाच्या सरींनी न उखडणारं. खरंच, कशानं? छातीवर हात ठेवून सांग म्हटलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. पुन्हा रबरानंच म्हणून टाकलं असतं तर साहेबांनी कदाचित ऐकलंही असतं, पण खोटं बोलून मिळालेला रस्ता पुन्हा बायकोला काय म्हणून दाखवायचा?

"मला न्हाय सांगता येत, साहेब," तो म्हणाला.

"तुझी पळी तुझ्याकडेच राहील," साहेब म्हणाले, जरा मऊ होऊन. "तुकडा राहिलाय, शब्द तो शब्द. पण बाकीचा रस्ता साध्या डांबरानंच करावा लागेल. मी खात्रीशिवाय लिहू शकत नाही."

म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा दिवाळी, पुन्हा श्रावण, पुन्हा खपल्या.

बायकांच्या घोळक्यापासून जरा बाजूला एक बाई बसली होती. रिकामं कपाळ, मोकळे हात. ती उठली, कडेच्या कातळासमोर जाऊन उभी राहिली, मग खाली बसली आणि तळहातानं तिथली माती पुसायला लागली. पुसता पुसता हळू आवाजात म्हणाली, "साह्यब, हितं बगा."

"काय आहे तिथं?"

"ह्यो माजा वाटा. हितं शेन लागलां न्हाय. मी सुतकात व्हते. माजा हात लागला न्हाय, म्हून कोनाचाच लागला न्हाय."

साहेबांना काही उमजेना. सत्यवतीनं सगळं सांगितलं. घरागणिक वाटे कसे पाडतात, कुणाच्या वाट्याला कुणी का हात लावत नाही. साहेब गुडघ्यावर बसले. शांताबाईच्या चार हातांत चाकू टोचला. शेण नाही, निव्वळ काळं. दाबून बघितलं, कडेनं उकरून बघितलं. शेजारच्या वाट्यात टोचलं, परत हिच्या वाट्यात. पाण्याचा ओहोळ नेमका तिथूनच आडवा गेला होता, त्याची रेघ दोन्ही बाजूंच्या मातीत दिसत होती, आणि मध्ये चार हात काळंभोर, बिनभेगेचं.

साहेबांनी चाकू मिटला. "लिहितो," ते म्हणाले. "डोंगरी ते तारोडी."

महिपतला शांताबाईला काहीतरी म्हणायचं होतं. आभार मानावेत तर कशाचे? तिच्या दुःखानं एवढी जागा मोकळी राहिली, त्याचे? शेवटी त्यानं वाकून तिची पाटी उचलली आणि तिच्या डोक्यावर चढवायला हात दिला. तिनं मान हलवली, आणि बायका डोंगरीकडे निघाल्या.

पुढच्या मे महिन्यात सगळा रस्ता झाला. लीलाधरचं अंगण भुशापासून मोकळं झालं आणि हॉटेलवाल्यांनी त्याला पहिल्यांदाच फुकट चहा पाजला. चढणीचं काम शेवटी ठेवलं होतं. ते संपलं तसं महिपतनं दोन्ही टोकांना दगड रचले आणि सत्यवतीला स्वतःच निरोप धाडला: तीन दिवस आहेत, जवळा टाकून घ्या.

तिसऱ्या दिवशी तो शेवंतीला घेऊन गेला. तिनं तेच ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. वळणावर आली, थांबली. डोंगरापासून खालच्या वळणापर्यंत नुसता जवळा पसरलेला, बायका ओणव्या, कावळे घिरट्या घालतायत. शेवंतीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि या वेळी मात्र पदराआड हसली.

"कुटं हाय वो रस्ता?"

महिपतनं कातळाकडे बोट दाखवलं.

कातळासमोर शांताबाई आपला जवळा परतत होती. या साली तिनं स्वतः सारवलं होतं. तिनं शेवंतीला हातानं जवळ बोलावलं, कडेचा जवळा अलगद बाजूला केला, आणि खाली दाखवलं. तेवढी वीतभर जागा तिनं मुद्दाम न सारवता ठेवली होती.

"ह्यो बग, बाय," ती म्हणाली. "ह्यो तुज्या घोवाचा रस्ता."

शेवंतीनं चपला काढल्या आणि त्या वीतभर काळ्या जागेवर एक पाऊल टेकवलं. भर दुपारचं ऊन होतं, पाय चांगलाच पोळला असणार. पण तिनं तो लगेच उचलला नाही.